लेकीला बोटींची सर्व्हेअर व्हायचंय

ताई, नमस्कार.

तुम्ही लिहिलंय, मुलगी यांत्रिकी पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला मरीन सर्व्हेअर व्हायचंय, तेही मोठ्या जहाजांची नाही, यॉट आणि लहान बोटींची. हे काम म्हणजे समुद्राचा तळ मोजणं का, आणि एकाच बोटीचे इतके वेगवेगळे सर्व्हे कशाला, असं तुम्ही विचारलंत.

तळ मोजणारे वेगळे, ते हायड्रोग्राफिक सर्व्हेअर. तुमची लेक म्हणते तो सर्व्हेअर बोट तपासतो आणि जे दिसलं ते लिहून देतो. सर्व्हेचे प्रकार पडतात ते विचारणारा कोण आहे यावरून. विकत घेणारा विचारतो, ‘ही घेऊ का?’ विमा कंपनी विचारते, ‘हिची जोखीम घ्यावी का, आणि केवढ्या रकमेची?’ कर्ज देणाऱ्या बँकेला किंवा वारसांना बऱ्याचदा फक्त किंमत हवी असते. अपघातानंतर प्रश्न असतो, नुकसान किती आणि कशामुळे. बोट तीच असली तरी एका प्रश्नासाठी लिहिलेला रिपोर्ट दुसऱ्याच्या कामाचा नसतो. जुना विम्याचा रिपोर्ट दाखवून बोट विकायला निघालेले लोक असतात, त्यांना नाही म्हणता यायला हवं.

सगळ्यात सखोल असतो तो खरेदीपूर्व सर्व्हे. अशा एका सर्व्हेला मी दिवसभर सोबत होतो. बोट पाण्याबाहेर काढून आधारांवर ठेवली होती. सर्व्हेअर छोटी हातोडी घेऊन फायबरच्या डेकवर वीतभर अंतराने ठोकत चालले होते. आवाज खणखणीत येत होता. मास्टच्या, म्हणजे शिडाच्या खांबाच्या, बुंध्याशी तो एकदम बद्द झाला. वरचा थर आतल्या बाल्सा लाकडापासून सुटला होता, पाणी मुरलं होतं. त्यांनी ओलावा मोजायचं मीटर लावलं, पण नुसत्या आकड्यावर भरवसा ठेवला नाही. बोट नुकतीच पाण्यातून काढली असेल किंवा तळाला तांबंमिश्रित रंग असेल, तर मीटर फसवतं, असं ते म्हणाले. मग पाण्याखालच्या पितळी व्हॉल्व्हचा पृष्ठभाग जरासा खरवडला. आत पिवळा रंग दिसायला हवा होता, दिसला गुलाबीसर. पितळातलं जस्त निघून गेलं की असं होतं आणि व्हॉल्व्ह ठिसूळ होतो. तो बंदरात उभ्या बोटीतही तुटू शकतो.

दुपारी बोट पाण्यात उतरवून इंजिन पूर्ण वेगाने चालवून पाहिलं. इंजिन ऑइलचा नमुना प्रयोगशाळेसाठी घेतला. मास्ट आणि दोरखंडांच्या बारीक तपासणीला मात्र वेगळा माणूस बोलवा, असं त्यांनी ग्राहकाला स्पष्ट सांगितलं.

सर्व्हेअरला बोट फोडून पाहता येत नाही. म्हणून जे पाहता आलं नाही तेही रिपोर्टमध्ये लिहावं लागतं, आणि माझ्या मते या पेशाची खरी कसोटी तिथेच लागते. मे २०१४ मध्ये ‘चीकी राफिकी’ या यॉटची किल, म्हणजे तळाखालचा तोल सांभाळणारा वजनदार भाग, अटलांटिकमध्ये निखळली आणि चारही जण गेले. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेच्या अहवालानुसार, ती आधी तळाला आपटली होती आणि तिच्या दुरुस्त्याही झाल्या होत्या. त्या सगळ्याने किलजवळचा सांगाडा कमकुवत झाला असण्याची शक्यता होती. हा सांगाडा तळाला जिथे चिकटवलेला असतो, ते जोड आतल्या बाजूने सुटले की बाहेरून सहज कळत नाहीत. म्हणून ‘बोट कधी आपटली होती का?’ हा प्रश्न मालकाला तोंडावर विचारता आला पाहिजे, आणि उत्तर टाळलं तर तेही नोंदवलं पाहिजे.

आता वाट. बऱ्याच देशांत यॉट सर्व्हेअरला सरकारी परवाना लागतोच असं नाही, त्यामुळे विमा कंपन्या व्यावसायिक संस्थेचं सदस्यत्व पाहतात. ब्रिटनमधली ‘इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सर्व्हेइंग’, अमेरिकेतल्या ‘सॅम्स’ आणि ‘नॅम्स’ या त्यातल्या नावाजलेल्या. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलची मानकं तिने आतापासून वाचायला घ्यावीत. पण पदविका झाली की लगेच सर्व्हेअर, असं होत नाही. आधी काही वर्षं बोटयार्डात काढू द्या: फायबरची दुरुस्ती, वायरिंग, इंजिन. खराब काम कसं झाकलं जातं हे ते स्वतः उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. काम अरुंद जागेतलं, घाणीचं आहे. बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळातल्या पोकळीत, पालथं पडून टॉर्चने पाहावं लागतं. मुलीला जमेल का, असं तुम्ही हळूच विचारलंय. अंगकाठी लहान असेल तर इंजिनामागे शिरायला सोपंच जाईल, ताई.

मला काळजी आहे ती तिच्या लिहिण्याची. तिच्या पत्रात ‘बोट एकदम खराब होती’ असं वाक्य आहे. खराब म्हणजे काय? कुठे, किती सेंटीमीटर, कशाने तपासलं? तिला कुठलीही एक जुनी बोट बघायला सांगा. हात लावू देत असतील तर उत्तम, नाहीतर नुसतं बाहेरून. जे दिसलं आणि जे दिसलं नाही, ते एका पानात लिहून मला पाठवू दे. वाचून सविस्तर कळवेन.