फायबरची होडी आणि वीज

प्रश्न : मेअखेर गंगापूर धरणात आम्ही चौघे होडीतून फिरत होतो. त्र्यंबकच्या बाजूला गडगडू लागलं. मेव्हणे म्हणाले, ‘होडी फायबरची, पायात रबरी चपला, वीज काय करणार?’ खरं का हो?
– एक वाचक, आनंदवली

उत्तर : मेव्हण्यांना नमस्कार सांगा, पण पुढच्या खेपेला त्यांना काठावर भज्यांपाशी बसवा. काही किलोमीटर हवा फोडून येणाऱ्या विजेला अर्ध्या इंचाचं रबर कसलं अडवतंय! सपाट पाण्यावर सगळ्यात उंच तुमचंच डोकं. वीज शेजारी पाण्यात पडली तरी पृष्ठभागावर पसरते, म्हणून पाण्यात उडी मारणंही नको.

मी एकदा तिथंच गळ टाकून बसलो होतो. पाऊस नाही, वारा पडलेला. हातातली कार्बनची काठी मधमाशीसारखी गुणगुणायला लागली, मनगटावरचे केस उभे! काठी होडीच्या तळाशी टाकली, वाकूनच वल्हं मारत काठ गाठला. माशांचा विचार दुसऱ्या दिवशी सुचला.

लखलखाट दिसला की आकडे मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत गडगडाट आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. खरं तर ऐकू आला की निघायचंच. काठावर झाडाखाली नाही, पक्क्या इमारतीत किंवा काचा लावून गाडीत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. मोबाईलवर विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप घ्या, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं आहे.

आणि कुणाला वीज लागलीच तर हात लावायला भिऊ नका, अंगात करंट उरत नाही. श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला घ्या, दुसऱ्याला १०८ लावायला सांगा.