क्लिंगॉनमधे भूतकाळ शोधू नका

प्रश्न: मी क्लिंगॉन, म्हंजे "स्टार ट्रेक"मधल्या परग्रहावरच्या लोकांसाठी रचलेली भाषा, शिकतोय, पण क्रियापदाचा भूतकाळ कसा करायचा तेच कळेना. "-पु'" हा प्रत्यय भूतकाळाचा धरून चालू का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर: नका धरू, पुढे सगळं अडेल. क्लिंगॉनच्या क्रियापदाला काळच नाहीये. 1985 मधे ही भाषा रचणारे मार्क ओक्रँड यांचा कोश आला तेव्हापासून पद्धत हीच, की कधी ते वाक्याच्या सुरवातीचा शब्द सांगतो आणि काम झालंय की चालूय ते प्रत्यय सांगतो. "वा'खु' घोति' विषोप्पु'" म्हंजे काल मी मासे खाल्ले. आता फक्त पहिला शब्द बदला, "वा'लेष घोति' विषोप्पु'", की झालं उद्याचं, उद्या माझे मासे खाऊन झालेले असतील, आणि "पु'" जागचा हललासुद्धा नाही. आपणही बोलतोच ना, "उद्या तू आलास की निघू", यातलं "आलास" कुठे भूतकाळ आहे? येणं पुरं झालं की, एवढंच. प्रत्ययच लावला नाही, नुसतं "विषोप", तर खाणं संपलंय असंही नाही नि चालू आहे असंही नाही, म्हणून सवयीच्या गोष्टींना ते बरोबर बसतं.

आपला "परवा" मागचाही असतो आणि पुढचाही, कुठला ते "भेटलो" की "भेटू" यावरनं कळतं. तिथे नेमकं उलटं, "चा'खु'" मागचा, "चा'लेष" पुढचा, आणि काळाबद्दल क्रियापद गप्प!

चालू कामाला "-लि'" आणि "-ताख" असे दोन प्रत्यय आहेत आणि मला भाषेतला हा भाग सगळ्यात आवडतो. बेतीच्या धक्क्यावर उभे आहात, पणजीहून फेरीबोट येतेय, ती इथेच लागणार हे ठाऊक आहे, तर "चोल्लि'", जवळ येतेय आणि कुठे थांबणार ते ठरलेलं आहे. पण मांडवीत एखादी अनोळखी होडी नुसतीच जवळ जवळ येतेय, कुठे चाललीय कोण जाणे, तर "चोलताख".

तसाच "पु'"चा जोडीदार "ता'", ठरवून केलेल्या कामाचा. होडीतून मुद्दाम नांगर टाकला तर "विचाघता'", पण हातातला मोबाईल नदीत पडला तर "विचाघपु'"च म्हणायचं. "करून टाकलं" आणि "करून बसलो" यातला फरक ज्याला कळतो त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही.