एम.एस्सी. रसायनशास्त्रानंतर पर्यावरणपूरक पदार्थांच्या संशोधनाकडे कसे वळावे?

सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळवून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत किंवा मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत पीएच.डी.साठी प्रयत्न करणे, हा रुळलेला मार्ग आहे. मात्र संस्थेच्या नावापेक्षा मार्गदर्शकाचे अलीकडचे शोधनिबंध आधी वाचावेत, असे माझे मत आहे. कारण ‘जैवविघटनशील’ (सूक्ष्मजीवांमुळे विघटित होणारा) हा शब्द (जाहिरातींत तर विशेषच) फार सैलपणे वापरला जातो, आणि मार्गदर्शक तो किती काटेकोरपणे वापरतात हे शोधनिबंधांतूनच कळते. मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून मिळणाऱ्या लॅक्टिक आम्लापासून बनवलेले पॉलिलॅक्टिक आम्ल हे प्लॅस्टिक सुमारे ६० अंश सेल्सियसच्या औद्योगिक कंपोस्टमध्ये काही महिन्यांत विघटित होते, पण समुद्राच्या थंड पाण्यात ते वर्षानुवर्षे तसेच राहू शकते. म्हणून पॉलिमर रसायनाबरोबरच पदार्थाच्या जीवनचक्राचे, म्हणजे कच्च्या मालापासून विल्हेवाटीपर्यंतच्या पर्यावरणीय परिणामांचे, मूल्यमापन करण्याची पद्धतही प्रवेशाआधीच शिकून घ्यावी.