खाडीकाठची आजी आजारी कशी पडली?

प्रश्न : पहिल्या पावसानंतर चार दिवसांत आमच्या वाडीतल्या नऊ घरांत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. एकाच्या तपासणीत पटकी (कॉलरा) निघाली. संशय देवळाजवळच्या विहिरीवर आहे. पण खाडीकाठच्या एका आजींनाही लागण झाली, आणि त्यांच्या परसात स्वतःची विहीर आहे. त्यामुळे लोक म्हणतात, देवळाच्या विहिरीत काही नाही. सर, आता शोधायचं कुठे?
– एक आशाताई, गुहागर तालुका

उत्तर : ताई, शोध चालू राहील, पण आधी त्या विहिरीचं पाणी बंद करा. घरोघर पाणी खळखळून उकळायला सांगा. जुलाब लागताच ओआरएस सुरू करायचं. पेशंट गळून गेला किंवा लघवी थांबली तर लगेच दवाखान्यात न्या, सलाईन लागेल. आणि टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकण्याआधी पाण्याचा नमुना घ्या. नंतरच्या नमुन्यात काही सापडत नाही.

आता आजी. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर दहा दिवसांत पाचशेच्या वर माणसं पटकीने गेली. डॉ. जॉन स्नो यांचा संशय तिथल्या हातपंपावर होता. पण कित्येक मैलांवरच्या हॅम्पस्टेडमध्येही एक विधवा बाई त्याच दुखण्याने वारली. स्नोंनी चौकशी केली. बाईंना त्या पंपाच्या पाण्याची चव आवडायची, म्हणून गाडीवरून रोज बाटली भरून यायची! इस्लिंग्टनहून आलेली त्यांची भाची तेच पाणी प्यायली, तीही गेली. उलट पंपाशेजारच्या दारूभट्टीतला एकही कामगार दगावला नाही; ते भट्टीतली बिअर प्यायचे. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला. त्या भट्टीसारखी, तुमच्या विहिरीला खेटून असूनही धडधाकट असलेली घरंही शोधा, आणि ती पाणी कुठलं पितात ते विचारा.

मी आरोग्य सहायक असताना दापोलीकडच्या एका वाडीत असाच अडलो होतो. खाडीजवळचं एक घर हिशोबात बसेना. शेवटी त्यांच्या परसातल्या विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं. मचूळ! ते पाणी भांड्याला आणि गुरांना. पिण्याचा हंडा वरच्या विहिरीवरून. त्या वरच्या विहिरीत दोर लावून उतरलो. एका बाजूला जांभ्या दगडाच्या भेगेतून पाणी झिरपत होतं, खाली काळपट ओघळ. वर चढून बघितलं तर त्याच अंगाला नवा शोषखड्डा. आपल्याकडे जांभ्याला भेगा फार. खड्डा लांब आहे एवढ्यावर विश्वासू नका, पाऊस पडला की घाण थेट विहिरीत उतरते.

लंडनमध्येही हेच झालं होतं. पंपाच्या विहिरीपासून जेमतेम तीन फुटांवर मैल्याचं फुटकं टाकं होतं, आणि आजारी तान्ह्या बाळाचे लंगोट धुतलेलं पाणी त्यात ओतलं जात होतं. ते बाळ धर्मगुरू हेन्री व्हाइटहेड यांनी शोधलं, मृत्यूच्या नोंदी चाळून आणि मग त्याच्या आईला विचारून.

तेव्हा आजींच्या घरी जा. पिण्याचा हंडा कुठे भरता, एवढंच विचारा. आजींना नीट सांगता आलं नाही तर सुनेला विचारा, पाण्याला तीच जात असेल.