३ फुटी रीफ टाकीला कोणता स्किमर? आधी मासे बघा, मग लिटर

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: ३ × १.५ × १.५ फुटांची रीफ टाकी (समुद्री पाण्यात मासे आणि कोरल असलेली), खाली कपाटात २ फुटी सम्प (वरच्या टाकीतलं पाणी जिथे उतरतं आणि पंपाने परत वर जातं ती दुसरी टाकी), दोन क्लाउनफिश, एक रॉयल ग्रामा, एक गोबी. कोरल बहुतेक सॉफ्ट, पुढे दोन-चार एलपीएस (मोठ्या पॉलिपचे, कठीण सांगाड्याचे कोरल). दुकानदार म्हणतो '१,००० लिटर'वाला स्किमर (पाण्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढणारं यंत्र) घ्या, मोठा असलेला बरा. भाऊ न्यू जर्सीहून येताना त्याचा जुना स्किमर आणायला तयार आहे. तर काय करावं, आणि स्किमर खरंच लागतो का?

लागतो. ६०-७० लिटरची छोटी टाकी असती तर दर आठवड्याला १०-१५ टक्के पाणी बदला आणि स्किमरचे पैसे वाचवा, असं मी सांगितलं असतं. तुमच्या मापाला मात्र तो उपयोगाचा आहे. फक्त १,००० लिटरवाला नको.

आधी तुमचं खरं पाणी किती ते बघू. ही टाकी काठोकाठ भरली तर १९१ लिटर होतात. वरची मोकळी जागा, वाळू आणि दगड वजा केले की १५० च्या आसपास उरतात. सम्पमध्ये ८ इंच पाणी धरलं तर आणखी ३५-३८ लिटर. म्हणजे सगळं मिळून १९० च्या आतबाहेर. खोक्यावर छापलेला मोठा आकडा बहुधा अगदी मोजके मासे असलेल्या टाकीसाठी असतो. बरे उत्पादक कमी, मध्यम आणि जास्त मासे असे तीन आकडे देतात. एकच आकडा दिला असेल तर तो सगळ्यात फुगवलेला समजायचा. तुमच्यासाठी 'मध्यम' रकान्यात २०० ते ३०० लिटर लिहिलेला स्किमर पुरे. (पुढेमागे निळा टँग आणायचा विचार असेल तर स्किमर वाढवून भागणार नाही. त्या माशाला ३ फुटांत पोहायलाच जागा नसते.)

मोठा घेतला तर बिघडतं काय? स्किमर नायट्रेट किंवा फॉस्फेट थेट काढत नाही. खाण्याचे उरलेले अंश, विष्ठा, कोरलचा चिकट स्राव यांतल्या काही रेणूंचं एक टोक पाण्यापासून पळतं, ते बुडबुड्याच्या पृष्ठभागाला चिकटतं. असे लाखो बारीक बुडबुडे स्किमरच्या वरच्या नळीत, म्हणजे मानेत, गर्दी करून वर चढतात, फेस टिकतो आणि वरच्या कपात सांडतो. हा फेस टिकवून धरते ती घाणच. मान रुंद आणि पाण्यात घाण कमी असेल तर फेस अर्ध्यावरच फुटतो. मग चार दिवस कप कोरडा, पाचव्या दिवशी कोरलला जरा जास्त खाणं पडलं की कप भरून वाहतो. माणूस रोज झडप फिरवत बसतो आणि स्किमर खराब निघाला म्हणतो. बेताची मान आणि तिला पुरेल इतकी घाण ही जोडी जमली की झडपेला हात लावावा लागत नाही.

महागड्या स्किमरचं वेड कमी करणारी एक गोष्ट. अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक केन फेल्डमन यांनी २००९ च्या सुमारास वेगवेगळे स्किमर मोजून पाहिले. पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी २० ते ३५ टक्क्यांच्या आसपासच स्किमर काढू शकले, बाकीचं तसंच राहिलं. मॉडेलांमधला फरकही किमतीतल्या फरकाच्या मानाने किरकोळ होता. तेव्हा पैसे नावापेक्षा पंपावर घाला. पंप आवाज न करणारा हवा आणि त्याचं सुटं इम्पेलर (पंपातलं फिरणारं चाक) इथे मिळायला हवं. सुईदार चाकाचं इम्पेलर आता बहुतेक सगळ्यांत असतंच. हवा तासाला ३०० ते ५०० लिटर ओढत असेल तर तुमच्या टाकीला भरपूर झाली.

आता ते माप, जे कुणी घेत नाही आणि मग कपाट कापायची वेळ येते: उंची. स्किमरची उंची, अधिक कप वर उचलून काढायला लागणारी जागा, ही बेरीज सम्पच्या तळापासून कपाटाच्या छतापर्यंतच्या अंतरात बसली पाहिजे. कप रोज नसला तरी आठवड्यातून दोनदा काढावाच लागतो, कारण मानेच्या आतल्या बाजूला तेलकट थर चढला की फेस चढेनासा होतो. स्किमरसाठी पाण्याची पातळी बऱ्याच मॉडेलांना १८ ते २२ सेंटिमीटर लागते, पण आपल्या मॉडेलचं पत्रक बघा. स्किमर सम्पच्या पहिल्या कप्प्यात ठेवा, जिथे आडव्या काचेमुळे पातळी हलत नाही. रिटर्न पंपाच्या (पाणी वरच्या टाकीत परत पाठवणाऱ्या) कप्प्यात ठेवलात तर बाष्पीभवनाबरोबर पातळी रोज उतरेल आणि फेसही. पातळी जास्त असेल तर खाली अ‍ॅक्रिलिकचा पाट घालून स्किमर उचलता येतो. कमी असेल तर काच वाढवण्याशिवाय इलाज नाही.

स्किमर खोलीतली हवा सतत पाण्यात घुसळतो, हे आपल्याकडे फार महत्त्वाचं. डासांची कॉइल, लिक्विड मशीन, झुरळांचा स्प्रे यांत बहुधा पायरेथ्रॉइड असतात आणि ती मासे, कोळंबी, खेकडे यांना विषारी. टाकीच्या खोलीत ते लावूच नका. पेस्ट कंट्रोल किंवा रंगकाम असेल त्या दिवशी स्किमर बंद, टाकी झाकलेली. उलट बाजूने याच हवेचा फायदाही करून घेता येतो. एसी लावून दारं-खिडक्या बंद केलेल्या हॉलमध्ये कार्बन डायऑक्साइड साचतो आणि पीएच खाली येतो. स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर काढली की बऱ्याच घरांत पीएच वर सरकतो, तोही फुकटात. नळीच्या तोंडाशी मिठाचा खडा धरतो, तो महिन्यातून एकदा कोमट पाण्याने धुवा.

लाइट गेल्यावर वरच्या टाकीतलं पाणी सम्पमध्ये उतरतं. लाइट आली की स्किमर त्या वाढलेल्या पाण्यात सुरू होतो आणि कप भरून काळं पाणी परत सम्पमध्ये. डीसी पंपाच्या काही कंट्रोलरमध्ये उशिरा सुरू होण्याची सोय असते, ती असलेला घ्या. इन्व्हर्टरवर स्किमर जोडू नका, तिथे वेव्हमेकर (टाकीतलं पाणी हलवत ठेवणारा पंप) जोडा. लाइट नसताना माशांना पाण्याची हालचाल आधी लागते.

नवा स्किमर पहिले काही दिवस, कधी दोन आठवडे, वेड्यासारखा वागतो. आधी व्हिनेगर घातलेल्या पाण्यात चालवून धुवा, मग लावा आणि पातळी कमीच ठेवा. कोरल चिकटवायची पुट्टी वापरली की तो हमखास उतू जातो, त्या रात्री बंद ठेवा. कपातलं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं येत असेल तर ठीक. तुमच्या सॉफ्ट कोरलना अगदी निर्जंतुक पाणी आवडत नाही, म्हणून नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर गेले तर स्किमर दिवसा काही तास बंद ठेवायला हरकत नाही. रात्री चालू असू द्या, तेव्हा प्राणवायू कमी असतो.

भावाच्या स्किमरचं असं. पंप एसी असेल तर तो १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा. थेट लावला तर जळेल. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरवता येईल, पण हर्ट्झ ५० च राहतात, म्हणजे इम्पेलर एक षष्ठांश हळू फिरेल आणि हवा कमी ओढली जाईल. त्याला अ‍ॅडॉप्टरचा फोटो पाठवायला सांगा. त्यावर '१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असं असेल तर पंप डीसी आहे, पिन बदलून चालेल. मग इम्पेलरचं चुंबक फुगलेलं किंवा गंजलेलं नाही ना आणि अ‍ॅक्रिलिकला तडा नाही ना, तेवढं बघून घ्या. आणि हो, त्याच्याकडे १५० गॅलनची टाकी होती असं तुम्ही लिहिलंय. तिथला स्किमर तुमच्या १९० लिटरला फार मोठा पडेल. डीसी असला तरी तो त्यालाच तिकडे विकू द्या.