माळकरी आहे म्हणून फ्लूची लस नाकारली, तर अमेरिकेत नोकरी जाईल का?

जाऊ शकते. पण लशीतून धार्मिक सूट मागणारा तुमचा अर्ज नीट न बघता काढून टाकलं, तर रुग्णालय अडचणीत येईल.

तुम्ही लिहिलंय की घरात आजोबांपासून माळ आहे, अंडंही चालत नाही, रुग्णालयाच्या लॅबमध्ये एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर नोकरी आहे आणि फ्लूची लस अंड्यात वाढवतात. मीही पेनसिल्व्हेनियातच एका रुग्णालयात एचआरला आहे. सप्टेंबर लागला की असे अर्ज माझ्या टेबलावर येतात.

तुमच्या बाजूने आहे १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातलं टायटल सेव्हन, म्हणजे नोकरीत धर्मावरून भेदभावाला बंदी घालणारा भाग. ते १५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकाला लागू होतं आणि व्हिसावरच्या माणसालाही संरक्षण देतं. श्रद्धा मनापासूनची असेल तर मालकाने काहीतरी सोय करून द्यायची, उदाहरणार्थ फ्लूच्या मोसमात मास्क. 'आम्हाला त्रास होतो' असं म्हणून हात झटकणं पूर्वी सोपं होतं. २०२३ मध्ये आपल्याच राज्यातल्या, रविवारी पार्सलं वाटायला नकार देणाऱ्या टपाल कर्मचाऱ्याच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बोजा खरोखर मोठा आहे हे मालकाने दाखवावं. तरी रुग्णालयात पेशंटच्या जिवाचा प्रश्न असतो, तो मोजला जातोच.

अर्ज बुडतात ते दुसऱ्याच कारणाने. मागे एकाने पहिल्या परिच्छेदात देवाधर्माचं सुरेख लिहिलं होतं आणि पुढे दीड पान 'लशीने शरीराची वाट लागते', सगळं व्हॉट्सॅपवरून उचललेलं. आमच्या वकिलाने तेवढंच दीड पान पिवळं केलं. फिलाडेल्फियाच्या एका खटल्यात कर्मचाऱ्याने २२ पानी निबंध जोडला होता. २०१७ मध्ये अपील कोर्ट म्हणालं, ही धर्माची नाही, तब्येतीची भीती आहे. उलट आपल्याच राज्यातल्या ईरी शहराच्या एका रुग्णालयाने सहा जणांना धार्मिक सूट नाकारली आणि २०१६ मध्ये ३ लाख डॉलर देऊन तडजोड केली.

तेव्हा चार ओळी लिहा, पण स्वतःच्या: माळ कधी घातली, काय वर्ज्य आहे, ही लस त्यात कशी बसते. ऑफिसातल्या वाढदिवसाचा केक खात असाल तर मात्र तो प्रश्न येणार, उत्तर तयार ठेवा.

आणि अर्जाआधी लस कोणती ते विचारा. फ्लूब्लॉक नावाच्या फ्लूच्या लशीत अंडं नसतंच. ती मिळत असेल तर अंड्याचा मुद्दा तिथेच संपतो. ती अळीच्या पेशी वापरून बनवतात, हे माळेला चालतं का ते तुम्हीच ठरवायचं.

नकार आला तर लेखी मागा. ईईओसीकडे, म्हणजे नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी बघणाऱ्या सरकारी आयोगाकडे, तक्रारीला इथे ३०० दिवस असतात, पण नोकरी गेली तर व्हिसावर इथे राहायला जास्तीत जास्त ६०. त्यामुळे इमिग्रेशनच्या वकिलाला फोन आधी.