संविधान आहे, कोर्ट आहे, पोलीस आहेत. मग रोजच्या जगण्यात मानवी हक्कांना आणखी संरक्षण कशाला लागतं?

तुमच्या प्रश्नात थोडा वैताग आहे, आणि तो मला कळतो. 'मानवी हक्क' म्हटलं की कोठडीतली मारहाण, युद्ध, निर्वासितांच्या छावण्या असलं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. आपल्या दळण-दुधाशी त्याचा काय संबंध? मी गिरणीवाल्याचा मुलगा, तेव्हा दळणापासूनच सांगतो.

रायगड जिल्ह्यातलं आमचं गाव. 1990 च्या आसपासची गोष्ट, मी सातवीत होतो. भावकीतल्या एका काकांनी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला अर्ज भरला. गावकीनं दुसऱ्याचं नाव आधीच ठरवलं होतं. अर्ज मागे घ्या म्हणून दोनदा निरोप गेला, काकांनी ऐकलं नाही. मग देवळात बैठक बसली आणि त्यांचं घर वाळीत टाकलं. त्यांच्याशी जो बोलेल त्याला 501 रुपये दंड. आमच्या गिरणीची आठवड्याची कमाईही तेवढी नव्हती.

दुसऱ्या दिवशी काकू तांदळाचा डबा घेऊन आल्या. वडील आतून बाहेर आलेच नाहीत. मला म्हणाले, "सांग, पट्टा तुटलाय." मी सांगितलं. गिरणी चालू होती. तिची घरघर मला ऐकू येत होती, तशी काकूंनाही येतच असणार. "बरं बाळा," म्हणाल्या आणि डबा उचलून गेल्या. पुढे वर्षभर त्यांनी शेजारच्या गावातून दळून आणलं. येताना चढ होता.

गणपतीत आरतीवाले घरोघर फिरले, पण त्यांच्या अंगणावरून जाताना टाळ थांबवायचे. शिमग्याला पालखी त्यांच्या दारावरून तशीच पुढे गेली. काकांची आई वारली तेव्हा खांदा द्यायला मुंबईहून चाकरमानी येईपर्यंत थांबावं लागलं. त्यांचा मुलगा माझ्याच वर्गात होता. शाळेत आम्ही बोलायचो, पण गावाची वेस आली की तो रस्त्याच्या एका कडेनं आणि मी दुसऱ्या.

काकांच्या लग्नात मांडव घालायला माझे वडीलच पुढे होते. त्यांच्या मनात काकांबद्दल काही नव्हतं. पुढच्या बैठकीत आपलं नाव निघेल, एवढीच धास्ती होती. गावातल्या साठ-सत्तर घरांत पाच-सहा माणसं सोडली तर सगळ्यांची गत हीच. हक्क हिरावून घेणारा म्हटलं की आपण हुकूमशहा शोधतो. माझ्या डोळ्यांपुढे मात्र पिठानं पांढरे झालेले, दाराआड उभे राहिलेले वडील येतात.

आता तुमचं संविधान-कोर्ट-पोलीस. काका पोलीस ठाण्यात गेले होते. "हा तुमचा आपसातला मामला आहे, मिटवून टाका," असं उत्तर मिळालं. उत्तर संतापजनक होतं, पण अगदीच निराधार नव्हतं. मुंबई राज्यानं 1949 मध्येच बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता. दाऊदी बोहरा या मुस्लिम पंथाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो घटनाबाह्य ठरवला, कारण धर्मपंथाला स्वतःचा धार्मिक कारभार पाहण्याचा हक्क अनुच्छेद 26 देतो. एका हक्कानं दुसऱ्याला गिळलं म्हणा. त्यानंतर गावकीनं वाळीत टाकलं तर नेमकं कोणतं कलम लावायचं, हे ठाणेदारालाही धड सांगता येत नसे.

अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं 2013 पासून जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली, रायगडमधली प्रकरणं वर्तमानपत्रांत येऊ लागली आणि 2016 मध्ये विधिमंडळानं सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा मंजूर केला. तो 3 जुलै 2017 पासून लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाची रक्कम पीडिताला देता येते. आरोपपत्र दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत खटला संपवावा, असंही त्यात आहे. बहिष्काराचे प्रकार कलम 3 मध्ये एकेक करून लिहिले आहेत: लग्न, अंत्यविधी, दवाखाना, व्यवहार तोडणं. त्यातच एका कुटुंबाच्या मुलांना इतरांच्या मुलांशी खेळू न देणंही आहे. हे वाचताना मला आमचा शाळेचा रस्ता आठवला. मसुदा करणाऱ्यांत कुणीतरी गावात वाढलेलं असणार.

ती बातमी मी वडिलांना वाचून दाखवली. तोवर गिरणी विकून झाली होती. त्यांनी एवढंच विचारलं, "दळण नाही घेतलं तरी लागू?" मी हो म्हटलं. बराच वेळ ते सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "चांगलं झालं. गावकीला सांगायला झालं."

तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे याहून नेमकं उत्तर नाही. काकूंना दळण मिळावं म्हणून कायदा हवा, हे उघडच आहे. पण 'मला घ्यावंच लागतं, नाहीतर केस होईल' असं बैठकीत म्हणायची सोय वडिलांना मिळावी, म्हणूनही तो हवा. भित्र्या माणसाला चांगलं वागायला निमित्त लागतं.

आणि हक्क कागदावर आला की आपोआप हातात पडतो असंही नाही. आमच्या जवळच्या महाडचंच बघा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा समाजसुधारक सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात 1923 मध्ये झाला, आणि 1924 मध्ये महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं. प्रत्यक्षात ओंजळ भरायला 20 मार्च 1927 उजाडला, तोही डॉ. आंबेडकर हजारो लोकांना घेऊन गेले तेव्हा. त्यानंतर लोकांवर हल्ले झाले, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला आणि कोर्टकज्जे 1937 पर्यंत चालले. पाणी पिण्याच्या हक्कासाठी एवढं! 'कायदा आहे ना, मग झालं' असं कुणी म्हटलं की मी त्याला महाडच्या या तारखा सांगतो.

(गाव सोडून शहरात आलं की हे सुटतं असं वाटत असेल तर भाड्यानं घर शोधून बघा. आडनाव आणि 'तुम्ही नॉनव्हेज खाता का' हे दोन प्रश्न डिपॉझिटच्या आधी येतात.)

थोडं कामाचं. अशी वेळ तुमच्यावर किंवा ओळखीच्या कुणावर आली, तर पीडित किंवा त्याच्या घरचं कुणीही पोलिसांत किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करू शकतं. पोलिसांनी टाळाटाळ केली तर राज्य मानवी हक्क आयोग आहे. सरकारी नोकरानं केलेली हयगय त्याच्या कक्षेत येते. मात्र घटनेला वर्ष उलटून गेलं तर आयोग चौकशी करू शकत नाही, आणि तो शिफारस करतो, शिक्षा देत नाही. तेव्हा सगळा भार त्याच्यावर टाकू नका.

खरी अडचण पुराव्याची. वाळीत टाकल्याचा कागद कुणी देत नाही, दंडाची पावती फाडत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून वही ठेवा. कोणत्या तारखेला, कुणी, काय नाकारलं आणि कारण काय सांगितलं, ते लिहा. पट्टा तुटलाय असं कुणी म्हणालं, तर गिरणी चालू होती का, तेही लिहा.